छपराबाहेरचे प्रेक्षक

काही वर्षांपूर्वीची सप्टेंबरमधली एक दुपार आठवते. नगरच्या एका मैदानावर शालेय संघांचे फुटबॉलचे सामने चालू होते. मैदान मुरमाड, मधला गोलाकार भाग हिरवट, दोन्ही गोलांच्या तोंडाशी मात्र गवताचे नावही नाही. प्रेक्षक शे-सव्वाशे असतील. भिंगारच्या बाजूने आभाळ भरून आले. परतीच्या पावसाचे ढग आमच्याकडे बहुधा पूर्वेकडूनच चढतात. दुसऱ्या अर्ध्या खेळाला दहा मिनिटे झाली असतील नसतील, तोच टपोरे थेंब पडू लागले आणि बघता बघता समोरचा गोलखांब दिसेनासा झाला. पंचांनी खेळ थांबवला. मुले झाडाखाली पळाली. कठड्याला टेकून उभ्या असलेल्या मंडळींपैकी फारसे कोणी हलले नाही. शेंगदाणेवाल्याने पाटीवर प्लॅस्टिकचा कागद ओढून घेतला आणि आभाळाकडे पाहून एवढेच म्हणाला, "पडू द्या."

माझ्यासोबत पुण्याहून आलेले एक प्राध्यापक होते. ते छत्रीखालून वैतागून म्हणाले, "काय खराब हवा आहे!" त्यांचे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, तरी भोवतालच्या माणसांत ते अगदी परके वाटले. त्या वर्षी जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे गेले होते. ज्वारीच्या पेरण्या या पावसासाठी अडल्या होत्या. सामना वाहून गेला याचे दुःख त्या कठड्यावर कोणालाच नव्हते.

जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे. 'नगर' हे दोन्ही नावांच्या पोटात असल्यामुळे मी तेच वापरतो. हा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांवर, वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो; तिथून पूर्वेला उतरावे तसा तो ओसरत जातो आणि जिल्ह्याची सरासरी साडेपाचशे-पावणेसहाशे मिलिमीटरच्या आसपास येते. मुंबईत जुलैचा एकटा महिना याहून जास्त पाऊस पाडतो. त्या दुपारपासून एक प्रश्न मनात घोळत राहिला. मैदानावर 'खराब हवा' कशाला म्हणायचे, हे कोण ठरवते? आणि आपल्याकडच्या फुटबॉलच्या प्रेक्षकाच्या वाट्याला जी हवा आली, ती निसर्गाने दिली की कोणीतरी वाटून दिली?

'खराब हवा' ही तक्रार इंग्रजी वळणाची आहे. शेतकऱ्याच्या तोंडी हवामान खराब असते ते अवकाळी ढग आले, गारपीट झाली किंवा पावसाने ओढ दिली म्हणजे. ऐन पावसाळ्यात पाऊस पडतो म्हणून हवा खराब, हे म्हणणे त्याच्या जिभेवर बसत नाही. इंग्लंडमध्ये मात्र फुटबॉल आणि वाईट हवा यांची सांगड पहिल्यापासून पक्की आहे. तिथे उन्हाळा क्रिकेटचा आणि उरलेले गारठ्याचे, धुक्याचे, चिखलाचे महिने फुटबॉलचे. फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हापासून कारखान्यांतला कामगार शनिवारी दुपारी उघड्या पायऱ्यांवर उभा राहून भिजत, कुडकुडत आला. पुढे त्याच्या या हालांनाच एक प्रतिष्ठा मिळाली. २१ नोव्हेंबर १९४५ रोजी लंडनच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर मॉस्को डायनॅमो आणि आर्सेनल यांच्यात सामना झाला, तेव्हा धुके एवढे दाट होते की पन्नास हजारांवर लोकांनी तिकीट काढून मुख्यतः धुकेच पाहिले. तरीही तो सामना पाहिल्याचे लोक अभिमानाने सांगत राहिले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात मैदाने इतकी गोठली की एफ. ए. चषकाची एक फेरी पुरी व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. जर्मन माणसे तर पावसाळी हवेला आपल्या एका खेळाडूच्या नावाने ओळखतात. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना भर पावसात झाला आणि पश्चिम जर्मनीने तो जिंकला. संघनायक फ्रिट्झ वाल्टर यांचा खेळ ओल्या मैदानावर खुलतो अशी ख्याती होती, म्हणून तसली हवा म्हणजे 'फ्रिट्झ वाल्टरची हवा'. वाईट हवेची अशी आठवण व्हायला, तिचे साहित्य व्हायला, ती सोसणाऱ्या माणसाला आधी आपल्या समाजात बोलण्याची जागा असावी लागते. तिथल्या कामगार प्रेक्षकाला ती हळूहळू मिळाली.

हाच खेळ पलटणींबरोबर हिंदुस्थानात आला तेव्हा त्याचे पंचांग उलटे झाले. मुंबईत रोव्हर्स करंडक १८९१ मध्ये सुरू झाला आणि पहिला मान वूस्टरशर रेजिमेंटच्या संघाने मिळवला. १९०२ मध्ये हारवूड लीग आली, १९११ मध्ये वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन उभी राहिली. कोरडे, सुखद महिने क्रिकेटने आधीच अडवून ठेवले होते. मैदाने तीच, जिमखाने तेच, पैसा आणि वजन क्रिकेटच्या मागे. उरला पावसाळा, आणि मुंबईची लीग त्याच पावसाळ्यात रुजली. खेळणाऱ्यांच्या दृष्टीने यात अर्थ होता, हे मान्य करायला हवे. एप्रिल-मेमध्ये आपली मैदाने दगडासारखी होतात. त्यावर पडलेल्या माणसाची कातडी सोलून निघते. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ होते, गवत धरते, उष्मा उतरतो. गोऱ्या सोल्जरला तर त्या चिखलात घरचीच आठवण येत असेल. पण हा सगळा हिशेब पळणाऱ्याचा झाला. जो नव्वद मिनिटे एका जागी उभा राहणार, त्याला यातले काहीच लागू नाही. धावणारा भिजतो तेव्हा त्याचे अंग तापलेले असते. पाहणारा नुसता भिजतो.

कलकत्त्यातही हंगाम पावसाळ्याचाच. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. ही कथा आपल्याकडे पाठ्यपुस्तकी झाली आहे. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते, हे सगळे सांगतात. मला त्या कथेतले मैदानाबाहेरचे तपशील अधिक बोलके वाटतात. ज्यांना मैदान दिसण्याची शक्यताच नव्हती, त्या मागच्या गर्दीला गोल कळावेत म्हणून पतंग उडवले गेले. पुढच्या काळात कलकत्त्याच्या मैदानावर पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवून केलेले पेरिस्कोप विकले जात. पावसात उभे राहून, समोरच्याच्या डोक्यावरून, आरशात सामना पाहायचा! खेळ पाहणे हे किती कष्टाचे काम होते, याचा एवढा नेमका पुरावा दुसरा क्वचित सापडेल.

आणि या अनवाणी पायांमुळेच पावसाला एक वेगळा अर्थ होता. कोरड्या मैदानावर अनवाणी खेळाडू चपळ ठरे. मैदान निसरडे झाले की बूटवाल्या गोऱ्या संघाची बाजू वरचढ होई. म्हणजे ढग आले की ते प्रतिपक्षाची कुमक घेऊन आले, असेच देशी प्रेक्षकाला वाटत असणार. तीसच्या दशकात मोहमेडन स्पोर्टिंगने ओल्या मैदानावर बूट वापरायचे धोरण स्वीकारले आणि १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. त्या यशामागे हे एक ठळक कारण सांगितले जाते. मुंबईत मोहन बागान १९२३ मध्ये रोव्हर्सच्या अंतिम सामन्यापर्यंत येऊन डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरले. भारतीय संघाच्या हाती तो करंडक आला १९३७ मध्ये, बंगळूर मुस्लिम्सच्या रूपाने. या सगळ्या वर्षांत आभाळाकडे लागलेली प्रेक्षकांची नजर म्हणजे, थोडे धाडस करून म्हणायचे तर, एक राजकीय कृती होती. पाऊस नको, ही प्रार्थना करणारा कलकत्त्याचा प्रेक्षक आणि 'पडू द्या' म्हणणारा नगरचा शेंगदाणेवाला यांच्यामध्ये एका खेळाचे दोन भूगोल आहेत.

आता मुंबईच्या कूपरेजकडे वळू. पिपे बनवणाऱ्या कारागिरांच्या वस्तीवरून या जागेला नाव पडले. खेळाच्या इतिहासात ते आले रोव्हर्स आणि लीग यांमुळे. स्वातंत्र्यानंतर तिथे खेळणारे संघ बहुतेक कंपन्यांचे आणि खात्यांचे होते: टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, पुढे मफतलाल, ऑर्के, रेल्वे, कस्टम्स, एअर इंडिया, महिंद्र. संघ कंपनीचा म्हणून प्रेक्षकही पुष्कळसा कंपनीचा. पण कुठल्याही जुन्या मैदानाप्रमाणे छपराखालची बाजू थोडी आणि उघडी बाजू मोठी. ऑफिसात जी उतरंड होती तीच मैदानावर पावसाने अधोरेखित केली. कोण कोरडा आणि कोण ओला, एवढ्यावरून हुद्दा ओळखावा. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये १ डिसेंबर १९५६ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून आशियातून ऑलिंपिक हॅट्ट्रिक करणारे पहिले खेळाडू ठरलेले नेव्हिल डिसोझा मुंबईच्या याच वातावरणात वाढले. त्यांचे गोल नोंदींत आहेत. मुंबईच्या लीगमध्ये त्यांना पाहण्यासाठी जे भिजले, त्यांच्यासाठी नोंदवहीत रकानाच नाही.

इथे एक तुलना टाळता येत नाही. मुंबईत पावसाळी क्रिकेटही आहे. डॉ. कांगा यांच्या नावाची लीग १९४८ मध्ये सुरू झाली. ती मुद्दाम पावसात, ओल्या, उघड्या खेळपट्ट्यांवर खेळली जाते. कांगा लीगच्या चिखलाला मुंबईच्या क्रिकेटने दंतकथेचा दर्जा दिला. त्या खेळपट्टीवर टिकला तो पुढे जगात कुठेही टिकेल, हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. चिखल म्हणजे संस्कार झाला! तोच पाऊस, तेच महिने, मैदानेही हाकेच्या अंतरावर. पण फुटबॉलचा चिखल चिखलच राहिला. मराठी क्रीडापत्रकारितेत वि. वि. करमरकरांसारख्या माणसाने क्रिकेटबाहेरच्या खेळांनाही पानावर आणण्यासाठी आयुष्य वेचले, हे खरे. तरीही खेळाविषयीच्या ललित लेखनात, आठवणींत, गप्पांत पावसातला फुटबॉलप्रेक्षक जवळजवळ भेटत नाही. आपल्या कवितेत पाऊस काही कमी नाही. बालकवींपासून महानोरांपर्यंत तो प्रेयसीचा आहे, रानाचा आहे, पेरणीचा आहे. ग्रेस यांच्याकडे तो दुःखाचा आहे. मर्ढेकरांमुळे शहराच्या ओलीलाही मराठी कवितेत जागा झाली. पण दीड तास काही मिळवण्यासाठी नव्हे, कोणाची वाट पाहण्यासाठीही नव्हे, तर केवळ दुसऱ्याचा खेळ पाहण्यासाठी भिजणे, या अनुभवाला आपण साहित्याच्या यादीत घेतलेले दिसत नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा असे मला वाटते. निरर्थक वाटणारा त्रास माणूस आपणहून का पत्करतो, हा प्रश्न काही लहान नाही.

कोल्हापूरला गेले की हे सारे चित्र पालटते. महाराष्ट्रात फुटबॉलला खऱ्या अर्थाने लोकाश्रय कुठे असेल तर तो तिथे. कोल्हापूरच्या संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि पेठ हीच निष्ठेची सीमा ठरली. इथे हंगाम पावसाळ्याचा नाही. थंडीच्या सुमारास सुरू होतो आणि मेपर्यंत चालतो, कारण पावसाळ्यात कोल्हापूरचे मैदान खेळण्याजोगे राहत नाही. म्हणजे मुंबईकर भिजला, तर कोल्हापूरकर भाजला. एप्रिलमध्ये पारा सदतीस-अडतीस अंशांवर असताना शाहू स्टेडियमच्या तापलेल्या पायऱ्यांवर हजारो माणसे बसतात. डोक्यावर टॉवेल, हातात पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र, आणि तोंडाने अखंड गजर. एप्रिल लागला की आणखी एक पाहुणा ठरलेला असतो: वळीव. दुपारभर तापलेल्या हवेतून तो नेमका तिसऱ्या प्रहरी उठतो, म्हणजे सामना रंगात येण्याच्या वेळी. आधी धुळीचा लोट, मग वारा, मग थेंब. दोन तास भाजून निघालेला माणूस दहा मिनिटांत चिंब होतो. एकाच सामन्यात दोन्ही ऋतू अंगावर घेणारा प्रेक्षक इंग्लंडच्या धुक्यातल्या कामगाराहून कुठल्याच अर्थाने कमी नाही.

मी कोल्हापूरचा नाही, तेव्हा माझ्या कौतुकात पाहुणेपणा असेल. पण एक फरक मला स्पष्ट दिसतो. कोल्हापुरात या सोसण्याला घराण्याची परंपरा आहे. आजोबा कोणत्या पेठेचे होते त्यावरून नातू कोणत्या बाजूच्या पायऱ्यांवर बसणार हे ठरते, आणि त्यामुळे ऊन हा तक्रारीचा विषय न राहता हजेरीचा विषय होतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा त्या पायऱ्यांना आपले ऊन फळाला आल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. त्याच स्पर्धेत गुवाहाटीच्या मैदानात पावसाचे पाणी साचले म्हणून ब्राझील-इंग्लंड उपांत्य सामना ऐनवेळी कलकत्त्याला हलवावा लागला. जागतिक संघटनेला मैदान बदलता येते. पेठेला येत नाही.

गोव्याचा उल्लेख करायलाच हवा, जरी तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तिथे भातकापणी झाली की रिकाम्या शेतांत गावागावांचे सामने रंगतात, प्रेक्षक बांधावर. मैदान आणि शेत यांत तिथे भांडण नाही, पाळी आहे. आधी भात, मग चेंडू.

नगरमध्ये मात्र ते भांडण आहे, आणि ते पाण्याचे आहे. दुष्काळी जिल्ह्यात मैदान हिरवे ठेवायचे म्हणजे टँकर लागतो, आणि टँकर म्हटले की दुसरीकडे हंड्यांची रांग डोळ्यांपुढे येते. एप्रिल २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुष्काळामुळे आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला, तेव्हा शहरी क्रीडाप्रेमींत बरीच नाराजी उमटली. नगरला त्या नाराजीचे कारणच कळले नसते. इथली फुटबॉलची मैदाने कोणी शिंपत नाही. ती पावसाने ओली झाली तर ओली; नाहीतर चेंडू मुरमावर खणखणत उडतो, प्रत्येक गोलकिकबरोबर धुळीचा एक छोटा ढग उठतो आणि वाऱ्याच्या दिशेला उभे राहिलेले प्रेक्षक तो गिळतात. नगरच्या प्रेक्षकाची खराब हवा ती ही: ऑगस्टातले निरभ्र आभाळ.

या मातीत फुटबॉल आला तो छावणीच्या वाटेने. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने किल्ला घेतला, पुढे लष्कराचा तळ पडला, बोअर युद्धातले कैदी इथे आणून ठेवले गेले, पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिकांची स्थानबद्धता झाली, १९४८ नंतर रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे वाढले. छावणीच्या गावात फुटबॉल दिसतो तो सैनिकांच्या कवायतीच्या मैदानावर, काटेरी तारेपलीकडे. आणि पाहणारे तारेच्या अलीकडे उभे असतात. आमच्या पिढीतल्या भिंगारच्या कित्येक पोरांनी पहिला सामना असाच, तारेच्या चौकोनातून पाहिला. छप्पर, पायऱ्या, तिकीट यांतले काहीच नाही. त्यामुळे हवेविषयी कोणाकडे तक्रार करायची, हा प्रश्नच उद्भवला नाही.

आता ठिकठिकाणी कृत्रिम हिरवळ येते आहे. कूपरेजवर ती आली आणि चिखलाचा प्रश्न संपला. पावसात भिजणारा तिथे आजही भिजतो, आणि ऊन पडले की ते प्लॅस्टिकचे गवत खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापते. रोव्हर्स करंडक २०००-०१ नंतर भरलेला नाही. मफतलाल, ऑर्के, महिंद्र यांचे संघ इतिहासजमा झाले. छपराखाली बसणारा साहेब टीव्हीकडे वळला, तसा उघड्यावरचाही पुष्कळसा वळला. दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या युरोपातल्या सामन्यांत पाऊस पडतो तेव्हा तो निऑनच्या प्रकाशात चांदीसारखा चमकतो. नगरमधली मुले मध्यरात्री तो पाऊस पाहतात. त्यात त्यांच्या अंगाला पाणी लागत नाही.

त्या सप्टेंबरच्या दुपारी पाऊस तासभर पडला. मैदानाच्या कडेची नाली वाहू लागली. एका गोलासमोर गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी साचले आणि मुले त्यात चेंडू टाकून उगाच लाथाडू लागली. आता संघ नव्हते, पंच नव्हते, कोण कोणाकडून खेळतो आहे याचा पत्ता नव्हता. कठड्यावरची माणसे तेही पाहत राहिली. पुण्याचे प्राध्यापक गाडीत जाऊन बसले होते. सामना पुढच्या आठवड्यात, कोरड्या दिवशी पुन्हा खेळवण्यात आला. तेव्हा कठड्यावर जेमतेम तीस-चाळीस माणसे होती. शेंगदाणेवाला नव्हता. चौकशी केली तेव्हा कळले की तो गावी गेला आहे, पेरणीला.